घराखालची हवा

बडोद्याच्या मराठी डॉक्टरांच्या कुठल्याही स्नेहसंमेलनात पहिल्या चहाबरोबर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. गुडघे कसे आहेत, हा एक. आणि मुले कुठे असतात, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा ही नावे आता इतक्या सहजतेने येतात की एके काळी त्या जागी पादरा, डभोई नि नवसारी येत असत, हे तरुण मंडळींना सांगूनही खरे वाटणार नाही. त्यापुढील प्रश्नही ठरलेले. घर घेतले का, खोल्या किती, शाळा जवळ आहे का, बर्फ किती पडतो. या यादीत आणखी एका प्रश्नाची भर घालावी आणि तो विचारण्याचा पहिला मान डॉक्टरांनी घ्यावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. तो प्रश्न असा : घरातला रेडॉन मोजला का?

स्मरणिकेच्या पानांत हा विषय काहीसा उपरा वाटेल याची मला जाणीव आहे. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर, आहारावर, फार तर परीक्षेच्या ताणावर लिहावे अशी अपेक्षा असते. परंतु परदेशातील नातवंडांच्या लसीकरणाचे तक्ते आपण मागवून घेतो, एखादी मात्रा पुढे गेली असेल तर फोन करून कारण विचारतो. मात्र ते मूल ज्या खोलीत रोज दहा तास झोपते त्या खोलीच्या जमिनीखाली काय आहे, याची चौकशी आपल्यापैकी फारच थोडे करतात. आणि तेथील जुन्या घरांच्या बाबतीत ही चौकशी अगत्याची आहे.

रेडॉन हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीतील युरेनियमचा टप्प्याटप्प्याने ऱ्हास होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. या वंशावळीतील त्याचे पूर्वज नि वंशज सारे घनरूप. ते मातीच्या कणांत जागच्या जागी पडून राहतात. हा एकटाच वायुरूप असल्यामुळे मातीतील फटींतून वर येण्याची मुभा त्याला एकट्याला मिळते. त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवस. उघड्यावर बाहेर पडला तर वाऱ्यावर विरून जातो. बंद घरात शिरला तर साचतो, आणि तेथेच त्याच्यापासून पोलोनियमचे अल्पायुषी अणू जन्म घेतात. हे अणू हवेतील सूक्ष्म धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर आत जाऊन श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तेथून अल्फा कण फेकतात. ऊतकांत अल्फा कणाची धाव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्वचेचा बाहेरचा मृत थर त्याला सहज अडवतो. श्वासनलिकेच्या अस्तराला तसे चिलखत नाही, आणि ज्या पेशींचे विभाजन सतत चालू असते त्या नेमक्या त्या टप्प्यात येतात. यापलीकडे पॅथॉलॉजी सांगण्याची या वाचकवर्गाला गरज नाही.

या रोगाचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे. जर्मनी आणि बोहेमिया यांच्या सीमेवरील डोंगररांगांत श्नेबर्ग आणि योआखिमस्टाल ही दोन जुनी खाणगावे. योआखिमस्टालला वैद्यकी केलेल्या ॲग्रिकोलाच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खाणकामगारांच्या छातीच्या रोगांचे आणि त्यांच्या अकाली मृत्यूंचे वर्णन आहे. १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या कामगारांचा हा रोग म्हणजे फुफ्फुसातील दुर्धर अर्बुद होय, असे दाखवून दिले. मादाम क्यूरींनी ज्या खनिजातून रेडियम वेगळे केले तेही योआखिमस्टालचेच. आणखी एक गंमत अशी की, या गावच्या चांदीची जी नाणी पाडली जात ती ‘योआखिमस्टालर’ म्हणून ओळखली जात. त्याचे पुढे ‘टालर’ झाले आणि टालरचा ‘डॉलर’. आपली मुले ज्या चलनात पगार घेतात त्याचे नाव या वायूच्याच गावचे आहे!

हा खाणीतील रोग घरात कसा आला? किंबहुना तो घरात होताच. कोणी मोजलेला नव्हता. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील लिमरिक येथील अणुवीज केंद्राच्या बांधकामावरील स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या अभियंत्याच्या अंगावर किरणोत्सारी कण असल्याचा इशारा तेथील यंत्राने वारंवार दिला. केंद्रातून वीजनिर्मिती अजून सुरू झालेली नव्हती आणि घंटा वाजे ती कामावरून परतताना नव्हे, तर घरून कामावर येताना. शेवटी त्यांचे घर तपासले गेले. तेथे रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे २७०० पिकोक्युरी निघाले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे कारवाईची जी पातळी ठरविली ती लिटरमागे ४ पिकोक्युरी आहे, हे सांगितले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळेल. घराची दुरुस्ती झाल्यावर ते कुटुंब त्याच घरात परत राहावयास गेले, हा या कथेचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा वाटतो. वॉट्रस यांचे घर ज्या खडकपट्ट्यावर होते तो पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीच्या वायव्य भागातून न्यूयॉर्क राज्यात जातो. आयोवाचे तर सर्वच्या सर्व जिल्हे रेडॉनच्या सर्वाधिक संभाव्यतेच्या गटात मोडतात. म्हणजे चहाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या नावांपैकी बरीचशी यात आली.

आता मोजमापाचे दोन शब्द, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. अमेरिकेत पिकोक्युरी प्रति लिटर हे माप चालते, इतरत्र बेकेरेल प्रति घनमीटर. एका पिकोक्युरीचे ३७ बेकेरेल. म्हणजे अमेरिकेची ४ ही पातळी १४८ बेकेरेल होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० बेकेरेलची संदर्भपातळी सुचविली आणि ते शक्य नसेल तेथे ३०० च्या वर जाऊ नये असे सांगितले. कॅनडा आणि ब्रिटन २०० वर कारवाई करावयास सांगतात. आकडे वेगवेगळे आहेत, कारण ‘येथपर्यंत निर्धोक, येथून पुढे घातक’ अशी रेघ निसर्गाने ओढलेली नाही. शासनांनी आपापल्या सोयीने ती ओढली आहे.

धोका किती? येथे घाबरवणारे आणि हिणवणारे असे दोन पक्ष आहेत आणि मला दोघांचेही पटत नाही. २००५ साली सारा डार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील १३ अभ्यास एकत्र करून प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की घरातील दीर्घकालीन सरासरी रेडॉन १०० बेकेरेलने वाढला तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. टक्केवारीने माणूस फसतो, म्हणून त्याच अभ्यासातील प्रत्यक्ष जोखीम सांगतो. आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तीला वयाच्या ७५ वर्षांपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता रेडॉन नसताना सुमारे ०.४ टक्के, १०० बेकेरेलला ०.५ आणि ४०० बेकेरेलला ०.७ टक्के. धूम्रपान करणाऱ्याला हेच आकडे १०, १२ आणि १६ टक्के. ज्यांना हा सारा खटाटोप खाणींतील आकड्यांवरून ओढूनताणून काढलेला वाटतो त्यांनी लक्षात घ्यावे, की हा अभ्यास खाणींचा नव्हे, राहत्या घरांचा आहे. अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला अंदाजे २१,००० मृत्यू होतात असे तेथील पर्यावरण संस्थेचे अनुमान आहे आणि त्यांतील सुमारे २,९०० व्यक्ती कधीही धूम्रपान न केलेल्या असतात. धूम्रपान हेच पहिले कारण, यात वाद नाही. चिरंजीव सिगारेट ओढत असतील तर प्रथम ती सोडवावी. परंतु न ओढणाऱ्याच्या वाट्याला हा रोग येतो तेव्हा रेडॉन हे एक प्रमुख कारण असते, आणि त्याचा बंदोबस्त सुताराच्या नि नळकाम करणाऱ्याच्या आवाक्यातला आहे.

येथे घराच्या बांधणीकडे वळावे लागते. आमच्या दांडिया बाजारातील, रावपुऱ्यातील जुने वाडे जोत्यावर उभे आहेत. जोते दगडविटांचे, आत ठासून भराव, वर फरशी. दारे-खिडक्या दिवसभर सताड उघड्या आणि मधला चौक आकाशाला मोकळा. अशा घरात जमिनीतून आलेल्या वायूला साचून राहण्याची फारशी सवड मिळत नाही. बडोद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ‘घराखालची हवा’ हा शब्दप्रयोगच निरर्थक वाटतो, कारण आपल्या घराखाली हवा नसतेच.

अमेरिकेतील जुन्या घरांची गोष्ट निराळी. कित्येक घरे जमिनीपासून दीड ते चार फूट उंचीच्या बुटक्या भिंतींवर टेकवलेली असतात. वाड्याच्या माडीला असते तशी लाकडी तक्तपोशी, आणि तिच्याखाली मातीपर्यंत सलग पोकळी. तीतून पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या नळ्या, तापवलेली हवा खोल्याखोल्यांत पोहोचविणारे पत्र्याचे मार्ग गेलेले असतात. माणसाला तेथे उभे राहता येत नाही, रांगत जावे लागते, म्हणून तिला क्रॉलस्पेस म्हणतात. जुन्या घरांत या पोकळीची जमीन म्हणजे बहुधा उघडी मातीच. घर घेताना स्वयंपाकघराचे ओटे, न्हाणीघरांची संख्या आणि मागचे अंगण पाहिले जाते. या पोकळीत टॉर्च घेऊन डोके घालणारा ग्राहक विरळा.

हिवाळ्यात अशा घराची एक रुंद चिमणी होते. आत तापवलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या फटींतून निसटते. तिची जागा भरून काढण्यासाठी घर खालून हवा ओढते. खाली आहे क्रॉलस्पेस, आणि तिच्या तळाशी माती. तक्तपोशीत नळांसाठी पाडलेली भोके, फळ्यांच्या सांधी, सारे मार्ग खुलेच असतात. त्यातून परतीच्या हवेचा पत्र्याचा मार्ग जर त्याच पोकळीतून गेला असेल आणि सांध्यांत गळका असेल, तर भट्टीचा पंखाच घराखालची हवा ओढून मुलांच्या खोलीत नेऊन सोडतो. खिडक्या सहा महिने बंद. थंडीत रेडॉनचे प्रमाण वाढते ते यामुळे, आणि अमेरिकेत जानेवारी हा रेडॉन-जागृतीचा महिना मानला जातो तो याच कारणाने.

पूर्वीच्या बांधकाम-नियमांत या पोकळीच्या भिंतींना जाळ्या ठेवण्याची पद्धत होती. दर १५० चौरस फूट जमिनीमागे एक चौरस फूट जाळी, असे प्रमाण अनेक ठिकाणी रूढ होते. हेतू दमटपणा घालविण्याचा होता, रेडॉनचा नव्हे. त्यामुळे पुष्कळांची समजूत होते की जाळ्या आहेत, वारा खेळतो आहे, काळजी नको. माझा मुख्य आक्षेप या समजुतीला आहे. वाऱ्यावर विसंबलेला उपाय वाऱ्यासारखाच असतो. शिवाय नळ गोठून फुटू नयेत म्हणून थंडी पडली की घरमालक याच जाळ्या बंद करतात, म्हणजे ज्या ऋतूत रेडॉन सर्वाधिक त्याच ऋतूत उपाय बंद. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत क्रॉलस्पेसच्या नैसर्गिक वायुवीजनाने होणारी घट ० ते ५० टक्के दिली आहे. शून्य ते पन्नास! रुग्णाला अशा खात्रीचे औषध आपण देऊ का?

माझ्या एका स्नेही दांपत्याच्या मुलाने पेनसिल्व्हेनियात १९५०च्या दशकातले घर घेतले. पहिल्या तपासणीत प्रमाण मर्यादेच्या दुपटीहून अधिक आले. विकणाऱ्याने आणलेल्या कारागिराने क्रॉलस्पेसच्या एका जाळीत पंखा बसवून दिला आणि ‘आता प्रश्न मिटला’ असे सांगून पैसे घेतले. मुलाने विश्वास ठेवला. सून रसायनशास्त्राची पदवीधर. तिने पुन्हा मोजमाप केले. प्रमाण जेमतेम खाली आले होते, आणि भर थंडीत खालची जमीन मात्र बर्फासारखी गार पडत होती. अशा उघड्या पंख्याचा आणखी एक धोका असतो. तो मातीऐवजी घरातलीच हवा ओढू लागला, तर गॅसच्या भट्टीचा किंवा पाणी तापविणाऱ्या बंबाचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी उलटा घरात शिरू शकतो. रेडॉनच्या दूरच्या भीतीपायी कार्बन मोनॉक्साइडचे संकट आजच ओढवून घ्यायचे, अशातला तो प्रकार. त्या घरात तसे काही घडले नाही, ही दैवाची कृपा. पुढे परवानाधारक माणसाकडून रीतसर काम करून घेतल्यावर प्रमाण मर्यादेच्या निम्म्याखाली उतरले.

रीतसर काम म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सासऱ्याने वा वडिलांनी फोनवर चार नेमके प्रश्न विचारले तर तिकडे काम नीट होते, असा माझा अनुभव आहे. प्रथम पोकळीतील कचरा, टोकदार दगड, जुनी लाकडे काढून माती सारखी करतात. जुन्या घरांत नळांवर ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असण्याची शक्यता असते. ते असेल तर त्याला हात लावण्याआधी त्यातील जाणकार बोलवावा. मग मातीवर भोके पाडलेली नळी अंथरतात आणि तिच्यावर जाड पॉलिथिनची चादर पसरतात. तिची जाडी निदान सहा मिल, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर हवी. रांगत ये-जा होणार असेल तर त्याहून जाड बरी. दोन चादरींचे पदर एकमेकांवर सुमारे फूटभर घेऊन चिकटवतात, कडा भिंतींना लुकणाने नि पट्ट्यांनी जखडतात, मधल्या खांबांभोवतीही तसेच. खालच्या नळीला तीन-चार इंची पीव्हीसी नळ जोडून तो थेट छपराच्या वर काढतात आणि त्यात चोवीस तास चालणारा छोटा पंखा बसवतात. पंखा माळ्यावर किंवा घराबाहेर असावा, राहत्या खोलीत वा क्रॉलस्पेसमध्ये कदापि नसावा. कारण पंख्याच्या पुढचा नळ दाबाखाली असतो आणि त्यात गळती झाली तर जमा केलेला सारा रेडॉन आपण स्वहस्ते घरात सोडल्यासारखे होईल. वरचे तोंड खिडक्यांपासून दूर असावे.

या रचनेत चादरीखाली हलकी ओढ निर्माण होते आणि मातीतून निघालेला वायू घरात शिरण्याआधीच छपरावर जाऊन विरतो. तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. छातीत नळी घालून खाली सक्शन लावले, त्याहून हे फार वेगळे नाही. ‘यू’ आकाराच्या काचनळीत रंगीत द्रव घातलेला एक साधा दाबमापक नळावर लावलेला असतो. दोन्ही बाजूंची पातळी सारखी दिसली की पंखा बंद पडला असे समजावे. घट ५० ते ९९ टक्के. घराचा काही भाग तळघरावर आणि काही क्रॉलस्पेसवर असेल, तर दोन्हीकडे बंदोबस्त करावा लागतो; एकीकडचे काम करून दुसरी बाजू तशीच सोडल्याने निराश झालेली घरे बरीच असतात. एकूण खर्च बहुधा एक-दोन हजार डॉलरच्या घरात, अडचणीच्या पोकळीत अधिक. काम झाले की पुन्हा मोजणे आणि दर दोन वर्षांनी मोजत राहणे हा उपचाराचाच भाग समजावा.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला यात आणखी एक लाभ दिसतो. याच चादरीमुळे मातीचा दमटपणा तक्तपोशीला लागत नाही आणि बुरशीला आळा बसतो. दम्याच्या मुलाच्या घरी हा लाभ रेडॉनहून लवकर पदरात पडेल.

मुलांबद्दल मात्र प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात, हे खरे. पण तेवढ्यावरून ‘मुलांना रेडॉन अधिक घातक’ असे ठोकून देणे मला मान्य नाही. चीनच्या युनान प्रांतात कथिलाच्या खाणींत कोवळ्या वयापासून राबलेल्या कामगारांचा अभ्यास झाला आहे. त्यांत लहान वयात संपर्क आला म्हणून प्रमाणाबाहेर धोका वाढल्याचे स्पष्टपणे दिसलेले नाही. मुलांमधील ल्युकेमियाशी रेडॉनचे नाते जोडणारा पुरावाही एकसुरी नाही. मग बालरोगतज्ज्ञाने यात का पडावे? कारण हा हिशेब वर्षांचा आहे. आज पाळण्यात असलेले मूल त्या घरात अठरा वर्षे काढणार आहे, आणि त्याचे आईवडील कदाचित चाळीस. दुसरे कारण व्यवहारातले. घरात बाळ येण्याच्या सुमारास आईवडील घरासाठी जेवढे करतात तेवढे पुढे कधी करीत नाहीत. पाळणा येतो, भिंतींना नवा रंग लागतो, जिन्याला कठडे बसतात. त्याच यादीत हे एक काम बसले तर बसले.

आणि आजी-आजोबांचे काय? सहा महिन्यांसाठी गेलेल्या ज्येष्ठांना बहुधा तळघरातील खोली मिळते, आणि रेडॉन तळघरात सर्वाधिक. परंतु वर दिलेले सारे आकडे आयुष्यभराच्या वास्तव्याचे आहेत. पंचाहत्तरीतल्या माणसाने सहा महिन्यांच्या मुक्कामात या भीतीने झोप घालवू नये, आणि सुनेने हौसेने लावलेली खोली नाकारून घरात निष्कारण कटुताही आणू नये. तळघरात नातवंडांची खेळायची खोली केली असेल, अभ्यासाची टेबले तेथेच मांडली असतील, तर मात्र जरूर बोलावे.

काही सहकाऱ्यांचा आक्षेप असा, की तो त्यांचा देश, तेथील डॉक्टर काय ते पाहून घेतील. आपण येथून सल्ले पाठवणे म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण तेथील डॉक्टरांना रुग्णामागे मोजकी मिनिटे मिळतात आणि घराची चौकशी त्यांत क्वचितच होते. अनेक राज्यांत घर विकताना रेडॉनविषयी माहिती उघड करावी लागते, परंतु घर मोजलेच पाहिजे अशी सक्ती सर्वत्र नाही. शेजारच्या घरात प्रमाण कमी म्हणून आपल्याकडेही कमी, असेही म्हणता येत नाही. लागून असलेल्या दोन घरांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो. तेव्हा प्रश्न कोणीतरी विचारावाच लागतो. आपल्याकडे त्याची एक उत्तम वेळ असते. अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा विम्याच्या कागदांसाठी, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी आपल्याकडे येतातच. रक्तदाब पाहता पाहता, मुलाचे घर किती जुने आहे, खाली तळघर आहे की क्रॉलस्पेस, एवढे विचारले तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. ‘तुझे घर विषारी आहे’ असे वडिलांनी फोनवर सांगितले तर तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतलेला मुलगा चिडेल, आणि ते स्वाभाविक आहे. ‘मोजलेस का रे?’ एवढे पुरे.

मोजणे अगदी सोपे आहे. वीस-पंचवीस डॉलरांत घरच्या घरी वापरण्याची डबी मिळते. ती क्रॉलस्पेसमध्ये नव्हे, तर तिच्यावरच्या राहत्या खोलीत, घरात वावर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर ठेवावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे. अल्पकालीन चाचणीत खिडक्या आदल्या बारा तासांपासून चाचणी संपेपर्यंत मिटलेल्या हव्यात. ये-जा करण्यापुरते दार उघडावयास हरकत नाही. प्रमाण मर्यादेच्या आसपास आले तर तीन महिन्यांहून अधिक चालणारी दीर्घकालीन चाचणी करावी, कारण एका आठवड्याच्या हवामानावर वर्षाचा निवाडा करू नये. फार अधिक आले तर तेवढे थांबण्याचे कारण नाही, लगेच दुसरी अल्पकालीन चाचणी करून कामाला लागावे. आणि कोळशाची डबी वापरली असेल तर ती बंद करून त्याच दिवशी टपालात टाकावयास सांगावे. कोळशाने धरलेला रेडॉनही ३.८ दिवसांत निम्मा होतो, आणि कपाटावर पंधरा दिवस विसरलेली डबी प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सांगण्याजोगे फारसे काही उरत नाही.